बरगीच्या घाटाची कोरी पाटी

प्रिय मीनू,

बरगीत नर्मदेवर बांधलेल्या नव्या घाटाला बाबांचं नाव द्यायचा ठराव मी भर पंचायतीत अडवला, हे तुझ्या वहिनीने फोनवर सांगितलंच असेल. घरी आल्यावर वैभवीने मला चांगलंच फैलावर घेतलं, "काहून बोललात तुम्ही? सख्ख्या बापाचं नाव कोणी पुसते का?"

बँकेच्या भाऊरावांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, धरणाच्या पाण्यात बुडणारी आपली चिमुकली, म्हणजे तुला, वाचवली, हे सगळी बरगी सांगते. पेपरात छापून आलं, कात्रण आपल्या भिंतीवर लागलं. पण मी तिथे होतो, मीनू. नऊ वर्षांचा. तू घसरलीस आणि मी माणसं बोलवायला पळालो. परतलो तेव्हा नथ्थू मच्छीमार तुला उचलून आणत होता आणि बाबा काठावर बसून खोकत होते. घरी येताना ते एवढंच म्हणाले, नथ्थूचं नाव कुठे काढू नकोस. मी काढलं नाही, पण बाबा माझ्या मनातून उतरले ते कायमचे. शेवटच्या आजारात त्यांचे पाय चेपतानाही मला ते कात्रणच दिसायचं.

सभेत हे सगळं ओकून टाकलं. पंच म्हणाले, मग नथ्थूला विचारून या. गेलो. सत्तरीचा म्हातारा ओसरीवर जाळं सांधत होता. घाटाला तुमचं नाव देतोय, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तो हसायलाच लागला. तेव्हा श्रावण होता, मासेमारी बंद, आणि हा चोरून जाळं टाकायला गेलेला. नाव छापलं असतं तर होडीही गेली असती आणि परवानाही, म्हणून बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं. मग जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "भैया, मैं तो मछुआरा हूँ, मेरा पानी में क्या जाता था? आपके बाबूजी को तैरना नहीं आता था, फिर भी कूद गए. मैं पहुँचा तो वो पूरे डूबे थे, बस दोनों हाथ ऊपर थे. हाथों में बिटिया."

मला तिथे उभं राहवेना. आठवतं, नर्मदेवर बाबा पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करायचे आणि आपण दोघं खिदळायचो? केवढी माणसं गं ही! एक पाण्याखाली जाऊन हात वर धरून राहिला, दुसरा इतकी वर्षं गप्प राहिला. आणि मी मनात बापावर खटला चालवत बसलो. मला स्वतःची लाज वाटते.

आता नथ्थू बाबांच्या नावावर अडून बसलाय आणि मी त्याच्या. पंचायत आम्हा दोघांना कंटाळली. शेवटी त्यानेच तोड काढली, "जिसकी जान बची, नाम वही रखे." म्हणून हे पत्र. नागपंचमीला घाट खुला होतोय आणि पाटी कोरीच बसवली आहे. तू ये, आणि घाटाच्या पायरीवर उभी राहून नाव सांग. मी काठावरच असेन. या वेळी पळणार नाही.

तुझाच,
सूर्यकांतदादा