टेम्परन्सला विचारलं होतं

हूरा, मनामा
शनिवार, १५ फेब्रुवारी १९९७

प्रिय युस्टेस,

सोमवार, ३० डिसेंबर १९९६, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळेला तू आपल्या गावच्या तलाठी कार्यालयात बाकावर बसून, पपांच्या मागे तू एकटाच वारस आहेस, असा जबाब दिलास आणि खाली सही केलीस. वेळ मला तुझ्याच मुलाने, क्रेगने सांगितली. त्याला परतीचं तिकीट पक्कं करायला मुंबईला पोचायचं होतं, म्हणून तो सारखा घड्याळ बघत होता. सुट्टी संपवून आल्यावर एका शुक्रवारी तो सित्र्याहून माझ्याकडे जेवायला आला. सुरमईचा काटा काढता काढता म्हणाला, "आंटी, डॅडीचं लँडचं काम झालं. टेन मिनिट्स ओन्ली." मी विचारलं, कसलं काम? मग त्याने सगळं सांगितलं. तलाठ्याने रेशन कार्ड मागितलं, त्यावर तू, तुझी बायको आणि मुलं. साक्षीदार म्हणून शेजारचा इनास उभा राहिला. तोच इनास, ज्याच्या लग्नाचा सूट मी इथून पाठवला होता. क्रेगला यात काही वावगं वाटलं नव्हतं. इट इज जस्ट प्रोसीजर, म्हणाला. मी त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली आणि कढी गरम करायला उठले.

त्या रेशन कार्डावरचं माझं नाव मीच कमी करून घेतलं होतं, हे तुला आठवत असेल. देश सोडून आखातात नोकरीला जाणाऱ्या माणसाने घरच्या कार्डावर साखर उचलू नये, असं मला वाटलं. नन्सनी शिकवलेला प्रामाणिकपणा. तू तेव्हा हसला होतास. म्हणाला होतास, ऑलिव्ह, आख्ख्या वसईत असं करणारी तू एकटीच. आता त्या कोऱ्या जागेचा उपयोग झाला म्हणायचा.

मला वाटलं होतं की मी संतापेन. माझी जीभ तुला माहीत आहे. हॉस्पिटलात सर्जनसुद्धा माझ्या फायलींच्या खिडकीशी येताना आवाज खाली आणायचे. पण गेले काही आठवडे मला काहीच होत नाही. सकाळी उठते, चहा करते, खालच्या कोल्ड स्टोअरमधून पाव आणते. भस्म बुधवारी चर्चमध्ये फादरनी कपाळाला राख लावली आणि तू माती आहेस असं म्हणाले, तेव्हा मनात एवढंच आलं की माती असते तर निदान वाडीत तरी असते. मग रांगेतून बाजूला झाले. दात काढण्याआधी टोचतात ना, तसं झालंय. बोट लावलं तर कळतं की तिथे गाल आहे, एवढंच.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण क्रेगला ऐकलेलं मराठी कळतं, वाचता येत नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. त्याला मीच इथे आणला आणि तो माझ्याकडे जेवत राहील. भांडण तुझं-माझं आहे.

आता तुला एक गोष्ट सांगते. कंटाळू नकोस, तुझ्याच कामाची आहे. चर्चमध्ये मला एक अमेरिकन बाई भेटली, मिसेस बेव्हर्ली. नवरा जुफैरला त्यांच्या आरमाराच्या तळावर इंजिनीअर आहे. मुलं अमेरिकेत. दिवसभर एअरकंडिशनरसमोर बसून ही बाई आपले पूर्वज शोधते. तिच्याकडे खोकी भरून झेरॉक्स आहेत. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळातली मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त, सगळे तिथल्या कोर्टातून टपालाने मागवलेले. तिला ते अक्षर लागत नव्हतं. मी म्हटलं, द्या इकडे. माझा जन्म डॉक्टरांची अक्षरं लावून फायली जुळवण्यात गेला. शिवाय कॉन्व्हेंटातल्या मदर युफेमियाने छडी मारून शिकवलेलं वळण त्या जुन्या कारकुनांच्या वळणापासून फार दूर नाही. तेव्हापासून निवृत्तीच्या रिकाम्या सकाळी मी तिच्या डायनिंग टेबलावर घालवते. ती कॉफी पाजते. कॉफी वाईट असते.

तिला एक माणूस हवा होता. अँब्रोज किंब्रो, व्हर्जिनियातला शेतकरी. त्याच्यापासून आपण निघालो हे कागदावर सिद्ध झालं की तिला बायकांच्या कुठल्याशा संस्थेत प्रवेश मिळणार. असे मोठेपणाचे क्लब वांद्र्यालाही होते. तिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की आपली कितव्यातरी पिढीतली आजी टेम्परन्स ही अँब्रोजची मुलगी. पण संस्थेला सांगणं चालत नाही, पुरावा लागतो. त्या काळी तिथे जन्माची नोंद नाही, म्हणून सगळा भार मृत्युपत्रावर. आणि अँब्रोजच्या मृत्युपत्रात टेम्परन्स नाहीच. मी ते तीनदा वाचलं. चार मुलगे आहेत. कुणाला ओढ्यापलीकडची जमीन, कुणाला गिरणी. घोड्यांची नावं आहेत. गुलामांची नावं आहेत, नुसती पहिली, आडनाव नाही, आणि ती बैलांच्या ओळीला लागून. मी बेव्हर्लीला विचारलं, या माणसांची नातवंडं असं टेबलावर बसून शोधायला लागली तर त्यांना काय सापडेल? तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, एवढीच ओळ सापडेल, ऑलिव्ह. आणि कॉफी ओतायला उठली.

मुलीचा मात्र कुठेच पत्ता नाही. बेव्हर्ली धरून चालली होती की मृत्युपत्रात नाही म्हणजे ती त्याची नाही, घरातली दंतकथा असेल. चार वर्षं ती बाई मृत्युपत्रांतच अडकून पडली होती. मी म्हटलं, जमिनीचे कागद काढा. अँब्रोजचे नकोत, टेम्परन्सच्या नवऱ्याचे. त्याने जमीन विकली असेल तेव्हाचे. तिने विचारलं, का? मी सांगितलं की आमच्याकडे बहिणीचं नाव जमिनीच्या कागदावर चढतं तेच मुळी उतरवण्यासाठी. बापाच्या मागे नाव लागतं, मग भाऊ हक्कसोड लिहून घेतो, साडीचोळी करतो आणि नाव जातं. पण जाताना त्याची खूण राहते. तुमच्याकडचे पुरुष फार वेगळे असतील असं मला वाटत नाही. हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं, युस्टेस. तेव्हा डिसेंबर सुरू होता. क्रेग नुकताच विमानात बसला होता.

दस्त जानेवारीच्या शेवटी आला. टेम्परन्सचा नवरा एक शेत विकतो आहे, आणि लिहिलंय की हे शेत तिच्या बापाने, अँब्रोज किंब्रोने, हयात असतानाच तिला दिलं होतं. म्हणून मृत्युपत्रात ती नव्हती. तिचं तिला आधीच मिळालं होतं. बेव्हर्लीने मला मिठी मारली. पण माझं लक्ष खालच्या मजकुरावर होतं. त्यांच्या कायद्यात एक पद्धत होती. बायकोची जमीन नवऱ्याने विकली तरी तिला विचारल्याशिवाय विक्री पुरी होत नसे. कोर्टात बोलवायचं, नवऱ्यापासून बाजूला घ्यायचं आणि विचारायचं: हे तू राजीखुशीने करते आहेस का, कुणी धाक घातलाय का? टेम्परन्सला कोर्टापर्यंत प्रवास झेपत नव्हता. का ते लिहिलेलं नाही. तर दोन न्यायाधीश घोड्यावर बसून तिच्या घरी गेले, नवऱ्याला बाहेर काढलं आणि तिला विचारलं. ती हो म्हणाली. लिहिता येत नव्हतं, म्हणून फुली मारली. ती फुली मी पाहिली. जरा तिरकी आहे. अंगठ्याएवढीसुद्धा नाही.

मी टॅक्सीने घरी आले आणि उन्हात वाळत घातलेले कपडे काढून त्यांच्या घड्या केल्या. बाकी काही केलं नाही.

मागच्या शुक्रवारी क्रेग तुझा लिफाफा घेऊन आला. वाडी विकत घेऊन तिथे इमारत बांधणाऱ्यांचा वकील आपल्याच लोकांपैकी निघाला, हे तुझं दुर्दैव. कुठल्या घरात किती मुलं जन्मली हे आपल्यातला वकील तलाठ्याला विचारत नाही, फादरना विचारतो. फादरनी बाप्तिस्म्याचं बुक उघडलं आणि तुझ्या नावाच्या चार वर्षं आधी मी निघाले. आता त्याला माझी सही हवी आहे, इथल्या आपल्या दूतावासाच्या शिक्क्यासह. मसुदा मी वाचला. त्यात म्हटलंय की सदर मिळकतीत माझा हक्क, हितसंबंध कधीही नव्हता व नाही. सोबत तुझी चिठ्ठी, अडीच ओळींची. "तुला पपांनी कॉन्व्हेंटला घातलं. तोच तुझा वाटा होता. समजून घे आणि सही कर."

मी तुझं म्हणणं समजून घेतलं. खरंच घेतलं. सातवीत तुझी शाळा सुटली आणि तू रहाटाच्या बैलामागे गेलास. केळीचे घड बाजारात जायचे आणि त्यातून माझं बोर्डिंग भागायचं. सुट्टीत मी इस्त्रीचा गणवेश घालून यायचे आणि तू पायाला चिखल लागलेला, दारात उभा राहून मला इंग्रजी बोलायला लावायचास. शेजारच्या पोरांना सांगायचास, ऐका, आमची ऑलिव्ह बोलतेय. पानवेलीच्या सावलीत बसून मी कविता म्हणायचे आणि तुला त्यातला एक शब्द कळायचा नाही, तरी तू मध्येच माना डोलवायचास. पपा म्हणायचे, हा माझा एकच श्रोता आणि तोही बहिरा. तेव्हा माझ्या वाट्याला अक्षरं आली आणि तुझ्या वाट्याला वाडी, हा हिशेब मला नाकारता येत नाही. असेल तसं. पण मग ते तसं लिही की. लिही की एक मुलगी होती, तिचं तिला आधीच दिलं. तू ते लिहिलं नाहीस. तू लिहिलंस की मुलगी नव्हतीच. आणि हे लिहून दिल्यावर त्याच आठवड्यात, त्याच क्रेगच्या बॅगेत, दरवर्षीप्रमाणे माझ्यासाठी सुकेळी बांधून पाठवलीस, तुझ्या हाताने वाळवलेली, केळीच्या सोपटात गुंडाळलेली. कुणासाठी पाठवलीस रे? तलाठ्याच्या हिशेबाने तर तुला बहीण नाही.

माझा व्हिसा मार्चअखेर संपतो. मग परत यायचं आहे. वाडीतल्या घरात उतरायचं की वांद्र्याला नन्सच्या वसतिगृहात, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुझी इमारत उभी राहायची असेल तर राहू दे. तिच्यात मला खोली नको. या वयात केळीला पाणी मी घालणार नाही, आणि माझ्या मागे खाणारं कुणी नाही.

तेव्हा हे पत्र वाट्यासाठी नाही, हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल. मला दोन गोष्टी हव्या आहेत आणि दोन्ही कागदावर हव्या आहेत. पहिली: तलाठ्याकडे जा, तुझा जबाब दुरुस्त कर आणि पपांच्या जागी वारस म्हणून माझं नाव सातबाऱ्यावर चढव, तुझ्या वर, कारण मी थोरली आहे. वकिलाला ते उतरवायचं असेल तर त्यानंतर बघू. पण आधी ते तिथे लागलं पाहिजे. आणि मसुद्यातला 'कधीही नव्हता' हे शब्द मी खोडून परत पाठवते आहे. दुसरी: मला विचार. वकिलाकडून नाही, क्रेगकडून नाही, फोनवर तर नाहीच. तुझ्या अक्षरात, तुझ्या सातवीपर्यंतच्या मराठीत, एक ओळ लिही: ऑलिव्ह, तू वाडी सोडतेस का? तुला भीती वाटते की मी नाही म्हणेन, म्हणून तू विचारलं नाहीस. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि विचारल्याशिवाय ते तुला कळणार नाही. तुझं पत्र शनिवार, १५ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. पडलं नाही, तर रविवारी सकाळी दूतावास उघडताना मी दारात उभी असेन, आणि त्या दिवशी मी सही करेन ती तुझ्या कागदावर नाही, तुझ्या व्यवहारावर हरकत घेणाऱ्या माझ्या अर्जावर. उत्तर लेखी दे.

तुझीच, लिहून दे अथवा न दे,
ऑलिव्ह