‘माइत्ता’ म्हणण्याआधी

ती. बाबा,

नमस्कार. हे आधी तुम्ही वाचा, मग आईला सांगा.

१. मंगळवारी ज्युदोच्या सरावात माझं उजवं कोपर निखळलं.
२. डॉक्टरांनी ते बसवलं. हाड मोडलेलं नाही.
३. चूक माझी, जोडीदारणीची नाही.

ज्युदोत सगळ्या सूचना जपानीत असतात. ‘हाजिमे’ म्हणजे सुरू करा, ‘मत्ते’ म्हणजे थांबा. हात अडकला की ‘माइत्ता’ म्हणायचं, म्हणजे हरले. समोरची लगेच सोडते. मला तो शब्द येत होता, पण मी दात आवळून गप्प राहिले.

जोडीदारीण दवाखान्यात रडत होती. “तोंडात काय मूग धरले होतेस? मला कसं कळणार?” म्हणाली. मी तिलाच पाणी दिलं.

सर म्हणतात, कोपर बरं झालं तरी हा शब्द मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय मॅटवर यायचं नाही. खोलीत एकटी असताना म्हणून बघते. आवाज फुटत नाही.

जेवण डाव्या हाताने जमतं. भात सांडतो, एवढंच. आईची झोप कशी आहे?

बाबा, तुम्ही कठडा धरून जिना चढता आणि विचारलं की ‘काही नाही’ म्हणता. मीही तेच केलं. इथे वसतिगृहात राहून सराव करते की घरी परत येते, हे सरांना पुढच्या मंगळवारी सांगायचं आहे. त्याआधी, सोमवारपर्यंत, तुमचा गुडघा खरंच कसा आहे ते लिहा. दुखत असेल तर ‘दुखतो’ असंच लिहा.

तुमची लेक