दादाचं पान संपेपर्यंत

२ जानेवारी

चि. ठमीस दादाचे अनेक आशीर्वाद.

महिन्याच्या सुरुवातीला वाचनसंकल्प आणि शेवटी अभिप्राय, हा आपला इतक्या वर्षांचा नियम. नियम मी मोडत नाही, फक्त पुस्तकं वाचत नाही. तर जानेवारीत सहा पुस्तकं वाचणार आहे: दोन कादंबऱ्या, एक प्रवासवर्णन, एक चरित्र, एक ताऱ्यांबद्दलचं आणि एक असं जाडजूड, की उशाला घेतलं तर मान दुखत नाही. डिसेंबरातही हीच सहा होती. नोव्हेंबरातही होती असं सूनबाई म्हणते, पण तिची स्मरणशक्ती नको तिथे फार चांगली आहे.

आता डिसेंबरचे अभिप्राय. प्रेशर कुकरचं माहितीपत्रक: भाषा सोपी, पण शिट्टीचं प्रकरण उगाच ताणलंय. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला कागद: सुरुवात आशादायक, मध्ये दुष्परिणामांची गर्दी, शेवट घाबरवणारा; लहान मुलांच्या हाती देऊ नये, असं लेखकानंच म्हटलंय. याखेरीज महिनाभरात काहीही वाचून पूर्ण झालेलं नाही.

छापखान्यात जन्मभर प्रूफं तपासली. दुसऱ्यांची पुस्तकं पोटासाठी वाचली आणि निवृत्त झालो की मनासाठी वाचीन, असं घोकत राहिलो. आता आरामखुर्ची आली, नवा चष्मा आला, आणि वाचन मात्र कुठे परागंदा झालंय कोण जाणे. चणेही आहेत आणि दातही आहेत, भूकच मेली आहे. मुलगा म्हणतो, बाबा पुस्तक दारासारखं उघडतात, कुणी आलंय का बघतात आणि लावून घेतात. सगळे हसले, मीही हसलो, पण मनाला लागलं.

बसडेपोतल्या तुझ्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीवर कुणी माझं वाचन आणून दिलंच, तर बाजूला काढून ठेव. लोभ आहे तो तरी वाढता असो.

तुझा दादा


१६ जानेवारी

ती. दादास ठमीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिडकीत बसूनच वाचलं आणि इतकी हसले, की एकटा बूट शोधायला आलेले गृहस्थ रागावले. त्यांना वाटलं, त्यांनाच हसतेय. तुझं वाचन अजून कुणी जमा केलेलं नाही. आलंच तर छत्र्यांच्या शेजारी ठेवीन. तिथे गर्दी असते, त्याला करमेल.

आता एक बातमी. हसू नकोस. या खिडकीत बसून मी गेली काही वर्षं गोष्टी लिहितेय. कवळी विसरून गेलेल्या बाईची, रोज येऊन कधीच न हरवलेली छत्री मागणाऱ्या म्हाताऱ्याची, अशा अकरा जमल्या. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टानं जेवणाच्या सुट्टीत त्या टाइप करून दिल्या, एक डोळा डब्यावर ठेवून, त्यामुळे चुका पोत्यानं आहेत. एक लहानसा प्रकाशक छापायला तयार आहे. मार्चअखेर हवंय म्हणतो. मी त्याला सांगून टाकलंय, की दादानं वाचून चांगलं म्हटल्याशिवाय कागद हातातून सोडणार नाही.

दादा, मला भीती वाटते. या वयात हिला हे काय सुचलं, असं लोक म्हणतील, ते म्हणोत. पण वाईट लिहिलं असेल तर ते मला तुझ्याकडूनच कळायला हवं. तू नको म्हणालास, तर गठ्ठा खिडकीमागच्या फळीवर ठेवून देईन. तिथल्या वस्तू न्यायला सहसा कुणी येत नाही.

आणि हो, लहानपणी तू पुस्तकात नाक खुपसून बसमधून उतरलास आणि मला सीटवरच विसरलास, ती दहावी गोष्ट आहे. घरात तुझं नाव निघालं की सगळे तीच सांगतात, मग मीच का मागे राहू? घाबरू नकोस, नाव बदललंय. नाक तसंच ठेवलंय.

वहिनी असती तर तिनं आधी वाचलं असतं आणि तुला दटावून वाचायला बसवलं असतं. आता ते काम माझ्याकडे आलंय. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी ठमी


७ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गठ्ठा पोचला. फेब्रुवारीचा संकल्प एकाच ओळीचा: ठमीच्या अकरा गोष्टी. प्रगती: कागद उत्तम, समास सोडलाय तो ऐसपैस, आणि गठ्ठ्याला लावलेलं रबर अतिशय दर्जेदार आहे. दोनदा ताणून पाहिलं, तुटलं नाही.

तू चिडण्याआधी खरं सांगतो. पहिल्या पानावर पाचव्यांदा बसलो आहे. छापखान्यात माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की प्रूफ खालून वर वाचायचं, शेवटची ओळ आधी. अर्थात गुंतलास की चूक सुटते, म्हणून अर्थाला आत येऊच द्यायचं नाही. मी इतकी वर्षं त्याला दारातूनच परत पाठवला. आता खुर्ची मांडून ये बाबा म्हणतोय, तर तो कशाला येतोय? तुझी कवळीवाली बाई चांगली की वाईट ते मला कळत नाही. तिच्या दुसऱ्या ओळीत एक शब्द गळलाय, तेवढंच कळतं.

या महिन्यात नक्की. मागच्या महिन्यातही नक्कीच होतं, पण हे नक्की जरा जास्त नक्की आहे. राग धरू नये, धरलाच तर सैल धरावा.

तुझा दादा


२२ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रबराचं परीक्षण पोचलं. पुढच्या आवृत्तीत लेखिकेऐवजी त्याचा फोटो छापू.

दादा, थट्टा पुरे. प्रकाशकाचा फोन आला होता. त्याला वाट बघायला लावणाऱ्या पुष्कळ बायका भेटल्या असतील, भावासाठी वाट बघायला लावणारी मी पहिलीच, असं म्हणाला. मी हो हो केलं आणि फोन ठेवून रडले. तुला वाचवत नाही हे मला समजतं. पण मनात पाल चुकचुकतेच, की तू वाचलंयस, तुला आवडलं नाही, आणि म्हणून रबराबद्दल बोलतोयस. तसं असेल तर सरळ लिही. मी मोडून पडणार नाही. थोडी वाकेन, पण तेवढं चालतं.

रोज छत्री मागायला येणारे आजोबा परवा आले नाहीत. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. वाट बघण्याचं असंच असतं बघ.

तुझी ठमी


१२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गठ्ठा परत पाठवतो आहे. मला जे एकच काम येतं, ते केलंय. लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या गोष्टीपासून प्रत्येक पान खालून वर तपासलं. तुझ्या टायपिस्टाला माझा नमस्कार सांग. असा निष्काळजीपणा अंगी असावा लागतो, शिकून येत नाही. नऊ गोष्टींत समास लालेलाल झालेत. दहावीत, म्हणजे आपल्या बसच्या गोष्टीत, खूण करण्यासारखं काही सापडलं नाही. अकरावीतही नाही. त्या दिवशी तो जेवून बसला असावा.

पण अभिप्राय माझ्याकडे मागू नकोस, ठमे. वाचणारा दादा राहिलेला नाही, तपासणारा तेवढा उरलाय. माझ्यासाठी पुस्तक अडवून धरू नकोस. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

जास्त लिहीत नाही. काल गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं आणि मी शेजारीच खुर्चीत बसलेलो होतो. सूनबाईनं ते पातेलं माझ्यासमोर आणून घासलं. माझ्यावरचा लोभ त्या पातेल्यासारखा होऊ नये.

तुझा दादा


१९ मार्च

ती. दादास ठमीचा शि. सा. न. वि. वि., आणि या वेळी जरा जास्तच वाकून.

गठ्ठा उघडला. नऊ गोष्टी बघून आमचा टायपिस्ट दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग दहावी काढली. तू म्हणतोस तशी ती स्वच्छ कोरी होती, एकही लाल खूण नाही. मला आश्चर्य वाटलं, म्हणून मीच वाचायला बसले.

दादा, त्या गोष्टीत पहिल्याच पानावर तीन चुका आहेत. त्या मलासुद्धा दिसल्या. आणि पुढे त्या महाशयांनी एक अख्खा परिच्छेद लागोपाठ दोनदा टाइप केलाय. जशाच्या तसा, खाली-वर. बसमध्ये एकटी राहिलेली मुलगी रडत नाही, शेजारच्या जागेवर हात पसरून बसते आणि कंडक्टरला सांगते, की दादाचं पान संपलं की तो येईल, तो परिच्छेद. आंधळ्यालाही हाताला लागावी अशी चूक, आणि ती माझ्या दादाच्या लाल पेन्सिलीतून सुटली?

मी तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग तुझ्या गुरूंचं वाक्य आठवलं, दूध आठवलं, आणि खिडकीत बसल्या बसल्या मोठ्यानं हसले. आता मला अभिप्राय नको. गठ्ठा त्याच दिवशी प्रकाशकाला नेऊन दिला.

सूनबाईला सांग, नवं पातेलं आत्याकडून. बाकी तुला ठाऊकच आहे.

तुझी ठमी


२४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. चोर मुद्देमालासकट सापडला.

दहावीलाही खालूनच सुरुवात केली होती. तिसऱ्या ओळीत त्या मुलीनं जागेवर हात पसरला आणि ती कुणासाठी जागा धरतेय ते बघावं, म्हणून वर गेलो, तो थेट पहिल्या ओळीपर्यंत गेलो आणि तिथून खाली आलो. पेन्सिल कुठे पडली ठाऊक नाही. दूध उतू गेलं ते तेव्हाच. अकरावी त्याच भरात वाचली. मग इतर नऊ पुन्हा वाचल्या, सरळ, वरून खाली. आवडल्या, ठमे. फार आवडल्या. हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण मला वाटलं दृष्ट लागेल आणि पुन्हा सगळं आटेल.

तो परिच्छेद दोनदा आलाय, हे तुझ्या पत्रातून कळलं. शपथेवर सांगतो, वाचताना मला वाटलं होतं, की इतका आवडला म्हणून मीच तो पुन्हा वाचतोय.

एप्रिलचा संकल्प: एक पुस्तक, छापून आलं की. रविवारी सकाळच्या बसनं तुझ्याकडे येतो आहे. हातात पुस्तक नसेल, तेव्हा योग्य थांब्यावर उतरेन. शेजारची जागा धरून ठेव.

पान संपलं, ठमे. आलोच.

तुझा दादा