एका पानात बसवा

३ जून
आज रुजू झालो. जागा झकास आहे: खिडकीजवळचं टेबल, बसताच सुस्कारा टाकणारी खुर्ची, आणि चहाच्या यंत्राला अजून कुणी कुलूप लावलेलं नाही. ही कंपनी रुग्णाला घरी सोडतानाचे अहवाल बनवते. डॉक्टरने सही केली की क्लाउडवरचा सर्व्हर आपोआप पीडीएफ काढतो. ती कोणत्या पद्धतीने जुळवायची, हे मी ठरवायचं. हयात छापखान्यात संस्कृत पोथ्यांची अक्षरजुळणी करण्यात गेली. मोडकं जोडाक्षर दिसलं की माझं पित्त खवळतं. ऑफिसातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी माझं 'शास्त्रीबुवा' करून टाकलं. ताईला फोन केला. आईमागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे नोकरीचं ऐकून तिचा पहिला प्रश्न, रुमाल घेतला होतास का.

९ जून
दोन पद्धती तपासल्या. एक, ब्राउझरला पान दाखवायचं आणि त्याच्याकडूनच छापून घ्यायचं. झटपट, पण तक्ता वाटेल तिथे तोडतो. दुसरी, खरी अक्षरजुळणी करणारी प्रणाली. सावकाश, पण मजकूर वाढला तर शहाण्यासारखं पुढचं पान घेते. मी दुसरी सुचवली. आमच्या साहेबांना पोरं मागून 'उरक' म्हणतात. ते हसले. म्हणाले, शास्त्रीबुवा, आपण काय काव्य छापतोय? रुग्णालयांना एकच पान कबूल केलंय. मावणार नाही ते झाकायचं. तळाचं वाचतो कोण? मी विचारलं, अहवालाचा तळ म्हणजे चपला काढायची जागा आहे का? ब्राउझरच ठरला.

१५ जून
एका ड्रायव्हरचा अहवाल लांबला. 'डावा डोळा : निर्दोष' ही शेवटची ओळ पीडीएफमधून गळली. तणतणत रुग्णालयात फोन लावला. परिचारिका म्हणाली, काका, त्यांना डावा डोळा नाहीच, जन्मापासून. मूळ नोंद उघडली, तर तिथूनही ओळ गायब. सकाळी, सही होण्याआधी, मी माझ्या प्रणालीवर चाचणीची प्रत काढली होती, तिच्यात ती ठसठशीत आहे.
स्वतः जाऊन पाहिलं. खाच नाही, पापणी नाही, नुसती सपाट कातडी. त्याची बायको शेजारी रडत होती. कशासाठी, ते तिला सांगता येईना.

१७ जून
ती प्रत उरकच्या टेबलावर आपटली. त्याने मायेने विचारलं, घरी काही ताण आहे का. ताण! वर शिक्षा दिली: तुम्हाला तळाचा एवढा पुळका, तर लांब अहवाल तुम्हीच कापून एका पानात बसवा.

२२ जून
कापतोय. काल एका बाईंचा पत्ता उडवला. पत्त्याने काय बिघडणार? आज त्या रुग्णालयाच्या फाटकात उभ्या आहेत. कुठे जायचं, माहीत नाही. मुलगा समोरून गेला, त्यालाही त्या आपल्याच घरच्या वाटल्या नाहीत.
आता फक्त रुग्णालयाचं बोधवाक्य काढतो. त्याने कुणाचं काही जात नाही. उरकला हे सांगितलं तर म्हणतो, बघा, जमतंय की! या माणसाचा गळा

२६ जून
ताईचा अहवाल माझ्या पडद्यावर. पित्ताशयाचे खडे काढले म्हणे. मला कळवलंसुद्धा नाही, नव्या नोकरीत त्रास नको म्हणून. दुखणी ढीगभर, पान तुडुंब. आणि सर्वांत खाली, पानाच्या कडेबाहेर—
हृदय : निर्दोष.
डॉक्टर दुपारी सही करणार. उरकचे पाय धरले, अक्षरशः. एक जादा पान दे. नाही म्हणाला. तुमच्या ताई झाल्या तरी नियम तोच.
नियम! नीच, निर्लज्ज, निर्घृण—

२६ जून, जेवणानंतर
बोधवाक्य काढलं. पुरलं नाही. अजून एक ओळ हवी. पत्ता? नाही. कान? नाही. उजवा हात— नाही, नाही.
ताईचा फोन. संध्याकाळी न्यायला ये, आणि कुणावर डाफरू नकोस.
वर एक ओळ आहे.
जवळचे नातेवाईक : धाकटा भाऊ.

काढली.
हृदय वर सरकलं. मावलं.
सही झाली.

उरक विचारतोय, ही खुर्ची रिकामी कशी— अरे मेल्या, मी इथे— ऐकू जात नाही त्याला—
ताईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. अहो-जाहो करून—
बोटं पुसट—
तिला न्यायला आता कुणीच— निदान एखादी गाडी तरी बोलवून द्या, तिला जिना