गाय सोडली म्हणाले होते

आई, त्या सकाळी मी 'सोडली' म्हणाले, तेव्हा तुला ते खरं वाटलं होतं, की माझ्या तोंडाकडे पाहूनच तुला सगळं कळलं होतं? या प्रश्नाला अठरा वर्षं झाली आणि तुला जाऊन नऊ. मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, लोक अडचणी घेऊन माझ्याकडे येतात, मी त्यांना समजावते. हे मात्र मला अजून उलगडत नाही.

मी नऊ वर्षांची होते. वैनगंगेचं पाणी नाल्यातून उलटं चढत आपल्या मोहल्ल्यात शिरलं होतं. बाबा कामावर गेलेले, पलीकडच्या गावात अडकलेले. तू तांदळाची चुंगडी फळीवर चढवत होतीस. "जाय पोरी, गाईले सोडून दे," म्हणालीस. गाईच्या कोठ्यात पाणी माझ्या मांडीपर्यंत आलेलं. आपली तांबडी दाव्याला हिसके देते आहे, डोळे पांढरे झालेत, शिंगं इकडून तिकडे फिरताहेत. गाठ भिजून आवळलेली. मी एकदा हात लावला, भ्याले आणि परत आले. "सोडली?" तू विचारलंस. "सोडली." तू माझं बखोट धरलंस आणि आपण शाळेच्या गच्चीवर गेलो. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. तांबडी खुंट्याजवळच पडली होती, दाव्यासकट. बाबा तुझ्याकडे पाहत राहिले, तसं पाहणं मी त्यांच्या डोळ्यांत आधी कधी बघितलं नव्हतं. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "माह्याच ध्यानातून गेलं. सोडाची राहून गेली." माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस. मी तुझ्या मागे उभी होते.

मग भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, धान पिकलं, लोकांना वाटलं संपलं. दोन वर्षांनी झड लागली, दोन दिवस पाऊस थांबेना, आणि तू डोक्यावर बारदाना घेऊन घराबाहेर पडलीस. ओळीनं सगळ्यांच्या कोठ्यांत शिरून जनावरं सोडत गेलीस. शेजारच्या काकूंच्या बकऱ्यांनी भाताच्या रोवणीसाठी टाकलेले त्यांचेच पऱ्हे, ती कोवळी रोपं, खाल्ले. काकू दारात येऊन ओरडल्या, "काहून वो, माह्या बकऱ्या काहून सोडल्या?"

"पानी आल्यावर कोन सोडन?" तू शांतपणे म्हणालीस.

"पानी कुठी हाये वो बाई? इथं त कोंबडीचे पाय भिजून नाही राहिले!"

नंतर हे दर झडीला ठरूनच गेलं. पाऊस लागला की बाया एकमेकींना हाका मारायच्या, "दावे सांभाळा वो, निघनच आता ते!" आणि हसायच्या. दुसऱ्या दिवशी बाबा दारोदार हात जोडत फिरायचे, लोकांचे बैल शोधून आणून द्यायचे. कोणी तुला येडी म्हटलं तर म्हणायचे, "येडी नाही. तिचा जीव लागते जनावरात." डॉक्टरांनी ताकदीचं टॉनिक दिलं. हे पुरामुळं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पूर तर केव्हाच ओसरला होता.

पण तू म्हणजे काही तेवढीच नव्हतीस. माझ्या मार्कशीटी तू तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फळीवर ठेवायचीस. "भांडे वाहून गेले त दुसरे येतेत, मार्कशीट नाही येत." दहावीचा निकाल तू मोहल्लाभर दाखवत फिरलीस, पण पिशवीतून बाहेर काढला नाहीस. कुणी हात पुढे केला की दटावायचीस, "वरूनच वाच ना, दिसून नाही राहिलं का?" वाचता तुला येत नव्हतं, तरी कोणत्या विषयात किती मार्क हे तुला तोंडपाठ होतं.

आणि त्याच मुलीनं बारावीत असताना एका झडीच्या सकाळी तुला घरात ठेवून बाहेरून कडी लावली. मला कॉलेजला जायचं होतं, बाबा घरी नव्हते, आणि संध्याकाळी पुन्हा लोकांची बोलणी ऐकायची नव्हती. "आज तरी माझी लाज ठेव," मी दारातून म्हणाले. चार वाजता परत आले तेव्हा तू दाराला पाठ लावून बसली होतीस, आवाज पार बसलेला. चिडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मले बांधून नको ठेवत जाऊ, पोरी." पुढच्या वर्षी तापानं तू गेलीस.

तू गेल्यावर पुढे कॉलेजात मॅडम शिकवत होत्या की पूर गावातून चार दिवसांत उतरतो, माणसाच्या मनातून कधी कधी वर्षानुवर्षं उतरत नाही. पावसाच्या आवाजानंही तो परत चढतो, आणि त्यावर उपचार आहेत. मी हात वर केला. विचारलं, कुणी दुसऱ्यांची जनावरं सोडत फिरतं का? वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कोण आहे ते?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आमच्या गावातली एक बाई."

आता मी मनाच्या आजारांच्या शिबिरांसाठी गावोगावी जाते. मागच्या महिन्यात करडीकडच्या एका गावात एक म्हातारे काका भेटले. पाऊस लागला की अजून दाराशी गाठोडं बांधून बसतात. मी त्यांना आपल्या शिकलेल्या आवाजात सांगितलं, मनात ठेवू नका, कुणाजवळ तरी बोला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बोलली का वो बाई, कोनाजवळ?"

रविवारी घरी गेले. बाबा सुपात तांदूळ निवडत होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, कोठ्यातलं, कडीचंही. त्यांचा हात सुपात थांबला. म्हणाले, "तुही माय बांधत होती ना, ते गाठ मले बी सुटत नव्हती, बेटा." मग विचारलं, "इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही आईकडे तसं पाहिलं होतं ना, म्हणून."

"हो," बाबा म्हणाले. "पाहिलं होतं." आणि पुन्हा खडे वेचायला लागले, पण खडा कोणता नि तांदूळ कोणता ते त्यांना दिसत नव्हतं.

हे पत्र कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि पाठवायचंही नाही. फक्त एक गोष्ट मी बाबांनाही सांगितली नव्हती, ती तुला सांगते. झड लागली की मलाही बसवत नाही. मागच्या पावसाळ्यात शिबिरावरून परतताना मी एका अनोळखी घरची बकरी सोडली आणि मागे न पाहता चालत राहिले. काल भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेले, कामासाठी नाही. रांगेत उभी राहून स्वतःच्या नावाची चिठ्ठी काढली. बाबा सोबत आले होते. माझा नंबर आला तेव्हा बाकावरून म्हणाले, "डॉक्टरले गाईचं बी सांगजो." मी सांगितलं.