सायकलवरून मी कधीच पडले नाही

आई, गालावरच्या त्या डागावर मी उपचार घेते आहे. मंगळवारी तिसरं सिटिंग झालं. तुला हे पटलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही, आणि परवानगी मागायला मी लिहीतही नाही. तू गेलीस तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आता एकोणतीस. एका त्वचेच्या दवाखान्यात लेसरच्या मशीनवर काम करते. मस, चामखीळ काढल्यावर चेहऱ्यावर राहिलेले व्रण घेऊन लोक येतात. मी फोटो काढते, व्रण मोजते, फॉर्म भरून घेते, मशीनची ऊर्जा ठरलेल्या आकड्यावर आणते. पुढचं डॉक्टर मॅडम करतात. माझा व्रण सहा मिलिमीटर लांब, चार रुंद, मधोमध खोल, कडा गोल. असा आकार कशाने होतो, हे आमच्याकडे पहिल्याच महिन्यात कळतं.

दहावीची परीक्षा संपली आहे. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरात मी ओट्याला पाठ टेकून खाली बसले आहे. तू बाबांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यातल्या चुन्याची डबी घेतेस, बशीत त्यात धुण्याचा सोडा कालवतेस आणि काडेपेटीतल्या काडीने माझ्या उजव्या डोळ्याखालच्या मसावर ठेवतेस. गांधीबागेतल्या ज्या दुकानात तू साड्यांना फॉल लावायचीस, तिथल्या एका बाईने तुला सांगितलं होतं की डोळ्याखालचं मस बाईला जन्मभर रडवतं. "हलू नको वं," तू म्हणतेस. मी म्हणते, "लय झोंबून राहिलं." "झोंबनच. बर्फी थोडी लावली. दम धर, मंग पाहय कशी हिरोईन दिसतं." "हिरोईन अशी ओट्याखाली बसते काय?" तू हसतेस, काडी हलते. थोड्या वेळाने मी खरंच रडायला लागले, तेव्हा मात्र चिडलीस. "एवढ्याशाले रडतं? पुढं काय करशीन?" ते वाक्य मला मसापेक्षा जास्त लक्षात आहे. पुसलंस तेव्हा मसाच्या आजूबाजूची कातडीही पांढरी पडली होती.

खपली पडली आणि खड्डा राहिला. कोणी विचारलं तर सायकलवरून पडली म्हणून सांग, असं तू सांगितलंस. सायकल तूच आणली होतीस, अकरावीसाठी, जुनी, निळी, घंटी नसलेली. ती मी दोन वर्षं चालवली, भर पावसात, मोकाट गायींमधून, उड्डाणपुलाच्या कामामुळे खणलेल्या रस्त्यावरून. एकदाही पडले नाही. तरी चौदा वर्षं, कॉलेजात, होस्टेलवर, नोकरीच्या पहिल्या दिवशी, मी त्या चांगल्या सायकलची आणि माझ्या चालवण्याची बदनामी केली. याचा राग मला डागापेक्षा जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. माझ्या आधी तू स्वतःच्या मनगटावरच्या चामखिळीवर तेच लावून पाहिलं होतंस आणि आठवडाभर चिंधी बांधून थांबली होतीस; ती चिंधी मला आठवते. तिथे बारीक पांढरा ठिपका राहिला होता. मी तो तुझ्या शेवटच्या आजारपणात, नर्स हाताला सलाईन लावत असताना पाहिला, पण त्याचा अर्थ या कामात आल्यावर लागला. आम्हीही आधी कानामागे लहानशा जागेवर मशीन चालवून बघतो, मग काही आठवडे थांबतो. चुना-सोडा कुठेही लावणं चूकच, पण बिनविचाराने तू काही केलं नव्हतंस. फक्त, मनगटाच्या कातडीवरून गालाचं काही सांगता येत नाही. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, मान्य. म्हणून मी तो खड्डा जन्मभर बाळगावा, हे मान्य नाही.

कुहीला राहणाऱ्या मावशीला मात्र मी तो बाळगावा असंच वाटतं. फोनवर म्हणाली, "राहू दे वं बाई. तुह्या मायच्या हाताची खूण हाय ते. पुसून टाकशीन तं काय राहीन?"

"आईच्या हातचं माझ्याकडे पुष्कळ आहे, मावशी. भाजलेलं तेवढं नको."

"मोठी आली मशीनवाली!"

"आणि तेव्हा तूच म्हणाली होतीस, आता या पोरीले कोण पसंत करीन. तेव्हा तुला तो डाग दिसत होता. त्याची खूण कधीपासून झाली?"

"समदं ध्यानात ठेवतं बाई तू," म्हणाली आणि फोन ठेवला. कोणी बघायला येणार म्हणून मी हे करत नाही, तेही तिला सांगायचं राहिलं. कोणी येणार नाहीये. रोज दुसऱ्यांचे खड्डे वर येताना बघते, माझाही यावा असं वाटलं, एवढंच. खड्डा खाली खेचून धरणारे कातडीखालचे धागे सुईने सोडवतात, मग लेसर. आपल्या सावळ्या कातडीवर ऊर्जा जास्त झाली की डाग आणखी काळा पडतो, म्हणून हळूहळू, दोन सिटिंगांच्या मध्ये सहा आठवडे सोडून. ऊन टाळायचं, तेही नागपुरात राहून. पूर्ण जाणार नाही. निम्मा उथळ झाला तरी मला चालेल.

मंगळवारी माझ्या सिटिंगच्या आधी एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आली, सोबत तिची आई. हनुवटीवर गोल खड्डा. कशाने झालं, मी विचारलं. "तेल उडालं, मॅडम," आई म्हणाली. "तेल चार ठिकाणी उडतं, मावशी. हा एकच आहे, आणि गोल." बाई पदराचं टोक पिळत राहिली. मुलगी म्हणाली, "चुना लावला होता. मीच लावला, मोबाईलवर पाहून." मी दोघींना झापलं. खोटं सांगितलं तर मशीन चुकीची लावली जाईल, चेहरा हिचा आहे. "कोणी लावला?" पुन्हा विचारलं. मुलीने माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "मीच." मी तसं लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी माझी फाईल काढली. कारणाच्या रकान्यात पहिल्या सिटिंगपासून 'सायकलवरून पडून' असं होतं, माझ्याच अक्षरात. ते खोडलं आणि लिहिलं: चुना आणि धुण्याचा सोडा, घरी. डॉक्टर मॅडमनी वाचलं. "मला कडा बघूनच कळलं होतं," म्हणाल्या. "म्हणून तर ऊर्जा कमी ठेवली." मी खुर्चीत आडवी झाले.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. त्या रकान्याखाली आणखी एक रकाना आहे: कोणी लावलं. तो मी कोणालाही रिकामा सोडू देत नाही. माझ्या फाईलमध्ये तिथे मी 'स्वतः' लिहिलं आहे. ते मी खोडणार नाही.