सुहासिनीच्या खात्याची आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, श्रीनिवास त्र्यंबक लवाटे, वय ७४, निवृत्त आरेखक, राहणार सदाशिव पेठ, पुणे, शांत चित्ताने, कोणी भरीस न घालता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी आजच तपासून तसा दाखला दिला आहे. माझी पत्नी सुहासिनी दोन वर्षांपूर्वी वारली. आम्हांस अपत्य नाही. पुतणी कादंबरी हिला मी व्यवस्थापक नेमतो.

१. राहता फ्लॅट स्वकष्टार्जित आहे. तो व बँकेतील ठेव कादंबरीस मिळावी. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. भाडेकरू ठेवल्यास त्याला आधी सांगावे.

२. आरेखनाची पेटी व पितळी कंपास कसबा पेठेत देवघरे करणारे कोंडीराम यांस द्यावा. ते गेली दहा वर्षे कंपास उसना नेतात आणि पुसून परत करतात.

३. विश्रांतवाडीच्या प्लॉटमधील माझा हिस्सा धाकटा भाऊ अवधूत यास, एका अटीवर. सुहासिनी रुग्णालयात असताना त्याने तिचा नाकात नळी असलेला फोटो न विचारता समाजमाध्यमावर टाकला. जाब विचारला तर म्हणाला, "दादा, चारशे लोकांनी हात जोडलेत." मी म्हणालो, "वेणी घातल्याशिवाय तिने कधी दारसुद्धा उघडलं नाही." पुढे आम्ही बोललो नाही. फोटो काढून टाकल्यावर हिस्सा त्याचा. माझा राग आता राहिलेला नाही, अट मात्र आहे.

४. मी कुठेही गेलो की सुहासिनीला फोनवर 'पोचलो' असे लिहून कळवत असे. ती गेल्यावरही तिचे खाते चालू होते, म्हणून सवय मोडली नाही. संध्याकाळी फिरून आलो की 'पोचलो' लिहायचे. हळूहळू बाकीचेही लिहू लागलो. गुडघा दुखतो असे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी तेलाची जाहिरात आली. एकट्याने जेवण जात नाही असे लिहिले, तर ज्येष्ठांच्या वधू-वर मेळाव्याची आली. कादंबरी जाहिरातींच्याच कंपनीत आहे. तिला दाखवले.

"काका, तुम्ही काकूला सांगता ते विकणाऱ्यांपर्यंत जातं. तुम्ही जितका वेळ तिथे बसाल, तितक्या जाहिराती दाखवता येतात. कंपनीचं पोट त्यावरच आहे."

"म्हणजे आमच्या बोलण्याचं भाडं ते घेतात. तुझी काकू काय म्हणाली असती?"

"मेळावा कुठल्या हॉलमध्ये आहे, हे आधी विचारलं असतं."

सुहासिनी गेल्यानंतर मी प्रथमच एवढा हसलो. तेव्हापासून तिला वहीत लिहितो. वहीत जाहिरात येत नाही आणि मला बरे वाटते. या वह्या न वाचता माझ्याबरोबर अग्नीला द्याव्यात.

५. सुहासिनीच्या खात्यावर थालिपिठाची एक चित्रफीत आहे. तीत तिचा आवाज आहे. ती कादंबरीने उतरवून घ्यावी. तिच्या मृत्यूचा दाखला कपाटात डावीकडे आहे, खाते चालवणाऱ्या कंपनीने मागितल्यास द्यावा. माझे दिवस झाल्यावर माझ्या फोनवरून तिला एकच शब्द लिहावा: 'पोचलो'. मग आम्हां दोघांची खाती कायमची बंद करावीत. त्या शब्दावर कसली जाहिरात येते, ते पाहत थांबू नये.

वरील मजकूर मी वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

श्रीनिवास त्र्यंबक लवाटे (सही)

आमच्यादेखत सही झाली:
१. डॉ. प्रियदर्शनी आगाशे, सदाशिव पेठ (सही)
२. केयूर बापट, शेजारी (सही)

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५